ठासणीच्या बंदुकीचं ‘किट’: अमेरिकेत सुट्टीतला छंद, कळमनुरीत किमान ७ वर्षांची कैद

यूट्यूबवर असे व्हिडिओ भरपूर आहेत. टेबलावर एक लांबट खोकं उघडलं जातं. आतून लाकडाचा दस्ता, लोखंडी नळी, पितळेचे चार-दोन भाग आणि स्क्रूची पुडी निघते. कानस आणि पॉलिश पेपर फिरतो, लाकडावर तेल चढतं आणि वीस मिनिटांच्या व्हिडिओच्या शेवटी अठराव्या शतकातली वाटावी अशी बंदूक तयार होते. मग धूर, आवाज आणि पन्नास यार्डांवरच्या कागदाला भोक. किंमत ऐकली तर ती मध्यम मोबाइलएवढी.

व्हिडिओ अमेरिकेतला असतो. पाहणारा मात्र कळमनुरी तालुक्यात सोयाबीनच्या किंवा हळदीच्या शेतात जागलीला बसलेला असू शकतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर उलथापालथा करतो, रोही आणि हरणं तुरीचे शेंडे खुडतात, आणि हातात असते एक बॅटरी आणि पत्र्याचा डबा. अशा वेळी ‘आपणही मागवावं का?’ हा प्रश्न पडणं साहजिक आहे. किट म्हणजे नेमकं काय, ते अमेरिकेत खुलेआम कसं विकलं जातं आणि इथे तेच खोकं हातात पडलं तर काय होऊ शकतं, ते समजून घेऊ.

खोक्यात काय असतं?

ठासणीची बंदूक म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरायची, मग गजाने ठासायची. आजच्या बंदुकीत काडतूस मागच्या बाजूने जातं, इथे सगळं पुढून. नळीचं मागचं तोंड जाड आट्यांच्या बुचाने कायमचं बंद केलेलं असतं.

किटमध्ये ही नळी कारखान्यातून तयार होऊनच येते. तिचं छिद्र पाडलेलं, आतल्या खाचा कापलेल्या आणि मागचं बूच बसवलेलं असतं. सोबत ‘लॉक’ असतं, म्हणजे घोडा, स्प्रिंग आणि ठिणगी पाडणारी यंत्रणा. चाप, चापाभोवतीची कडी, दस्त्याच्या टोकाची पट्टी आणि गज हे बाकीचे भाग. दस्ता बीच, मेपल किंवा अक्रोडाच्या लाकडाचा, यंत्रावर साधारण ८०-९० टक्के कोरलेला.

उरलेले दहा-वीस टक्के ग्राहकाने करायचे. सगळा छंद त्या दहा-वीस टक्क्यांत आहे. लॉक लाकडात घट्ट बसेपर्यंत पटाशीने कागदाच्या जाडीएवढं लाकूड काढत राहायचं, पितळ घासून लाकडाच्या पातळीत आणायचं, नळीला तपकिरी किंवा निळसर रंग चढवायचा. दस्त्यावर जवसाच्या तेलाचे हात मारायचे. होय, आपल्याकडे चटणीत जाणारं तेच जवस. त्याचं तेल हवेत सुकून कडक थर धरतं, म्हणून शेकडो वर्षं ते लाकडावर वापरलं जातं.

अमेरिकेत स्वस्त किट साधारण ३०० ते ५०० डॉलरला मिळतं, म्हणजे पंचवीस ते पंचेचाळीस हजार रुपयांच्या आसपास. यातली बरीचशी स्पेन आणि इटलीत बनतात. सीएनसी यंत्रावर बारकाईने कोरलेली, जवळपास आपोआप जुळणारी किट्स हजार डॉलरच्या पुढे जातात. या बाजारालाही आता बराच काळ झाला. टेनेसी राज्यातल्या युनियन सिटीत ‘डिक्सी गन वर्क्स’ १९५४ मध्ये सुरू झालं. ठासणीच्या बंदुकांच्या हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना तर १९३३ पासून आहे आणि इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या छोट्या गावात तिच्या स्पर्धा भरतात. कुणाला किटच्याही मागे जायचं असेल, तर ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ हा १९६९ चा माहितीपट आहे. त्यात वॉलेस गस्लर हे कारागीर लोखंडाची पट्टी तापवून, ठोकून, नळी करण्यापासून अख्खी रायफल हाताने घडवतात. तो पाहिल्यावर किट म्हणजे फर्निचर जोडण्याच्या जवळचं काम वाटतं.

रंजक, कान आणि ‘फुसका बार’

ही सगळी यंत्रणा मराठीला नवी नाही, शब्द तर अजूनही रोजच्या बोलण्यात आहेत. नळीच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, त्याला म्हणायचे कान. कानाशी ठेवलेली चिमूटभर बारीक दारू म्हणजे रंजक. सर्वांत जुन्या बंदुकीत रंजकेला जळत्या दोरीने बत्ती दिली जाई. ही तोड्याची बंदूक. पुढे घोड्याच्या जबड्यात गारगोटी आली, ती पोलादावर आपटून ठिणगी पडू लागली. ही चकमकीची. एकोणिसाव्या शतकात तांब्याची छोटी टोपी आली, जी घोडा आपटताच पेट घेते, आणि पाऊस-वाऱ्याचा त्रास बराच कमी झाला.

रंजक पेटली पण आतला मुख्य बार पेटलाच नाही, तर नुसता भुस्स आवाज आणि धूर. राजकीय बातम्यांत आज आपण ज्याला ‘फुसका बार’ म्हणतो, तो मुळात हा.

काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक असतं. ती जळली की निम्म्याहून अधिक वजन वायू न होता घन राख म्हणून उरतं. म्हणून एवढा पांढरा धूर होतो आणि म्हणूनच दोन-चार बारांनंतर नळी आतून काजळते. ही राख हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुतली नाही तर गंज चढायला लागतो.

बंदूक आणि रायफल, फरक कुठे?

नळी आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक. आत स्क्रूसारख्या वळत जाणाऱ्या खाचा असतील तर ती रायफल. खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. किटमधल्या नळ्यांत बहुधा ४८ किंवा ६६ इंचांत एक पूर्ण वेढा असतो. शिशाची गोल गोळी चिंधीत गुंडाळून ठासतात. चिंधी खाचा पकडते आणि गोळीला फिरवते.

ठासणीच्या रायफलीचं भारतीय इतिहासातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण प्रत्येकाने शाळेत वाचलेलं आहे, फक्त त्या नावाने नाही. १८५७ ची एनफिल्ड रायफल. तिचं काडतूस म्हणजे दारू आणि गोळी असलेली कागदाची पुडी. दाताने कागद फाडायचा, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. चरबीचा वाद उभा राहिला तो पुढून भरायच्या या पद्धतीमुळेच. त्या काळात हिंगोलीतही हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. पुढच्या दशकात मागून भरायच्या बंदुका आल्या आणि ठासणीची बंदूक फौजेतून हळूहळू बाद होऊन शिकारीला आणि शेतराखणीला उरली.

अमेरिकेत हे टपालाने कसं येतं?

तिथल्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यात ‘पुरातन शस्त्र’ अशी वेगळी व्याख्या आहे. १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रं तिच्यात येतात. शिवाय आज बनवलेली पण तयार काडतूस न चालणारी, केवळ काळ्या दारूवर चालणारी ठासणीची बंदूकही येते. केंद्रीय कायद्याच्या नजरेत ती ‘फायरआर्म’च नाही. म्हणून तिला नेहमीच्या बंदुकीसारखी दुकानातली तपासणी लागत नाही. काही राज्यांचे स्वतःचे नियम यापेक्षा कडक आहेत. ब्रिटनमध्ये तर वापरण्यासाठी बनवलेल्या नव्या ठासणीच्या बंदुकीलाही पोलिसांचं प्रमाणपत्र लागतंच.

थोडक्यात, व्हिडिओत दिसणारी मोकळीक ही त्या वस्तूचा गुण नाही, एका देशाच्या एका व्याख्येचा परिणाम आहे. भारताच्या कायद्यात ती व्याख्या नाही.

भारतात काय?

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार स्फोटक किंवा इतर ऊर्जेच्या जोरावर गोळी फेकणारं कोणतंही हत्यार म्हणजे अग्निशस्त्र. ती पुढून भरा की मागून, फरक पडत नाही. कलम ३ नुसार ते बाळगायला परवाना लागतो, कलम ५ नुसार ते बनवायला, विकायला, त्यात बदल करायला, अगदी दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि कलम १० नुसार परदेशातून आणायलाही.

‘पण मी तर सुटे भाग मागवतोय’ हा युक्तिवाद कायद्याने आधीच बंद केलेला आहे. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही आहेत. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, पण ते भाग इतर पूरक भागांसोबत वापरायचा हेतू नसेल तरच. किट ही वस्तू नेमकी उलट्या हेतूने विकली जाते.

त्याच कलमात जुनाट नमुन्याच्या शस्त्रालाही सूट आहे आणि अनेकांचा गैरसमज इथेच होतो. सूट मिळते ती दुरुस्ती करूनही बार न निघू शकणाऱ्या शस्त्राला. भिंतीवर टांगलेली गंजकी नळी त्यात बसू शकते. तेल लावून, घोडा बसवून चालू केलेली बंदूक बसत नाही, मग तिची रचना १७५० ची का असेना.

शिक्षेचं गणित २०१९ च्या दुरुस्तीनंतर बदललं. विनापरवाना शस्त्र बनवणं किंवा विकणं यासाठी आधी ३ ते ७ वर्षे कैद होती, आता किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप. विनापरवाना साधी बंदूक नुसती जवळ बाळगली तरी २ ते ५ वर्षे आणि दंड. म्हणजे तयार बंदूक घरात सापडण्यापेक्षा ती घरात बनवणं कितीतरी महाग पडतं. ‘विकत थोडीच घेतली, स्वतः जोडली’ हे बाजूने बोलण्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ते विरोधात जातं. दारूचा विषय वेगळाच. ती स्फोटक पदार्थांच्या कायद्याखाली येते.

पाइपची नळी का फुटते?

किट मिळत नाही म्हणून ‘गावठी’ मार्ग शोधणारेही असतात. त्यात कायद्याइतकाच धोका धातूचा आहे. बार पेटताना नळीच्या बुडाशी एका चौरस इंचावर दहा हजार पौंडांच्या आसपास दाब जाऊ शकतो. मोटारीच्या टायरमध्ये तो तीस-पस्तीस असतो. पाण्याच्या बहुतेक पाइपांना लांबीभर वेल्डिंगची शिवण असते आणि दाब सर्वांत आधी शिवण शोधतो. स्पेन-इटलीतली नळी बाजारात येण्याआधी सरकारमान्य चाचणीगृहात जास्तीचा बार भरून उडवली जाते आणि तिच्यावर शिक्का बसतो. गावठी नळीची चाचणी वापरणाऱ्याच्या गालाशी होते.

चांगली नळीही दोन चुकांनी फुटू शकते. गोळी दारूवर नीट न टेकता मध्येच अडकून राहिली तर, किंवा काळ्या दारूऐवजी आधुनिक काडतुसातली धूरविरहित दारू भरली तर. दुसरी चूक परदेशात वर्षानुवर्षांचा अनुभव असलेल्यांचीही बोटं घेऊन गेली आहे.

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ‘कार्बाइड गन’ने अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, ती आठवत असेल. ते उपकरणही मुळात शेतातली माकडं हुसकावायला वापरलं जायचं आणि रील्समधून मुलांच्या हातात गेलं. पेटत नाही म्हणून मुलं नळीत डोकावली आणि तेवढ्यात ती पेटली.

मग शेतकऱ्याला बंदूक मिळूच शकत नाही?

मिळू शकते, आणि गंमत म्हणजे ठासणीचीच. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. ठासणीची बंदूक अपुरी पडेल असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. खाचांच्या रायफलीसाठी मात्र वेगळं, सबळ कारण दाखवावं लागतं. व्हिडिओतली किट्स बहुतेक रायफलीची असतात, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं.

कळमनुरीच्या शेतकऱ्यासाठी परवाना अधिकारी म्हणजे हिंगोलीचे जिल्हाधिकारी. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं, जमिनीची कागदपत्रं लागतात, स्थानिक पोलिस ठाण्याचा अहवाल जातो, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. परवाना आता ५ वर्षांसाठी असतो. नाकारला तर कलम १८ खाली अपील करता येतं. बंदूक अर्थातच परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायची. बिहारमधलं मुंगेर हे अशा बंदुका बनवणाऱ्या परवानाधारक कारखान्यांचं जुनं केंद्र आहे.

महाराष्ट्रात अशा परवान्यांची सर्वाधिक सवय कोकणाला आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत काजू, नारळ आणि भातासाठी शेतबंदुकीचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि दर निवडणुकीत बंदूक पोलिस ठाण्यात जमा करायची वेळ आली की ‘माकडांना आचारसंहिता लागू आहे का’ ही कुरकुरही ठरलेली. गडचिरोलीत याच बंदुकीला भरमार म्हणतात. तिथे तिची ओळख नक्षलवादाशी जोडली गेल्यामुळे विनापरवाना भरमार स्वतःहून जमा करा, असं आवाहन पोलिस करत असतात. कर्नाटकातल्या कोडगूची गोष्ट आणखी निराळी. तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातूनच सूट आहे. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली ही सूट केंद्राने २०१९ मध्ये दहा वर्षांसाठी वाढवली. मराठवाड्यात असं काही नाही.

परवाना आहे, मग डुक्कर मारता येतं?

नाही. सर्वाधिक घोळ इथेच होतो. बंदुकीचा परवाना म्हणजे बंदूक बाळगण्याची मुभा. प्राणी मारण्याची परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वेगळी घ्यावी लागते आणि ती वन विभाग देतो. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी, उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर, कलम ११ खाली अशी परवानगी मिळू शकते.

काळविटासाठी मिळू शकत नाही. तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्लं हे कारण तिथे चालत नाही, माणसाच्या जिवाला धोका किंवा बरा न होणारा आजार-अपंगत्व असेल तरच वरिष्ठ पातळीवर विचार होतो. शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये सलमान खानला ५ वर्षांची शिक्षा सुनावली ती काळविटाच्याच प्रकरणात. रात्रीच्या अंधारात बॅटरीच्या झोतात चमकणारे डोळे हरणाचे की डुकराचे, हे शंभर फुटांवरून सांगणं कठीण असतं. ठासणीच्या बंदुकीत दुसरी संधीही नसते, पुन्हा भरायला अर्धं-एक मिनिट जातं. चिडलेलं जखमी डुक्कर तेवढा वेळ थांबत नाही.

बंदुकीशिवायचे मार्ग कंटाळवाणे आहेत, पण त्यांत पोलिस ठाण्याची पायरी चढावी लागत नाही. वन विभागाकडे पीक नुकसानीची भरपाई मागता येते, त्यासाठी नुकसान दिसताच लगेच कळवणं आणि पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवणं महत्त्वाचं. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. आणि खरीप २०२६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्य प्राण्यांनी केलेलं नुकसान जादा संरक्षण म्हणून घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यात नुकसानीची माहिती ७२ तासांत ॲपवर, फोटोसह द्यायची आहे. सौर कुंपण म्हणजे थेट विजेच्या तारा नव्हेत, हे सांगायला हवं. मेन लाइनचा करंट सोडलेल्या तारेने डुकराआधी शेजाऱ्याचा जीव जाऊ शकतो आणि गुन्हाही दाखल होतो.

घरात आजोबांची बंदूक असेल तर?

जुन्या वाड्यांत, माळवदाच्या कोनाड्यात अशी बंदूक अजूनही सापडते. परवाना आजोबांच्या नावाचा असेल तर तो त्यांच्यासोबत संपला. नातवाच्या ताब्यात ती विनापरवाना बंदूकच ठरते, चालत असो वा नसो, हे ठरवणं नातवाच्या हातात नाही. कलम २१ खाली ती जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करून, तो मिळाल्यावर परतही घेता येते. जमा करताना पावती घ्यावी, जुना परवाना सापडला तर त्याची प्रत जोडावी. आणि ठाण्यात नेण्याआधी एक फोन करून पोलिसांनाच घरी बोलावणं चांगलं, कारण ठासणीची बंदूक पन्नास वर्षांपूर्वी भरून ठेवलेली असू शकते आणि नळीत पाहून ते कळत नाही.